पिकअपच्या पाठीवरचे घर : सजावटीआधी वजनाचा हिशोब

पिकअप ट्रकच्या हौद्यात छोटेसे घर बसवून महिनोन्महिने भटकंती करणे, हा उत्तर अमेरिकेतील जुना छंद आहे. चित्रफितींमुळे तो आता इकडच्या वाचकांच्याही परिचयाचा झाला आहे. चित्रफितीत दिसतो तो लाकडी ओटा, खिडकीतून दिसणारा डोंगर आणि छपरावरचे सौर पॅनल. ट्रकच्या चाकांवर, पाट्यांवर आणि ब्रेकवर पडणारा भार मात्र कॅमेऱ्यात दिसत नाही. अशा वाहनाच्या बाबतीत पहिला प्रश्न वजनाचाच असतो. तो बाजूला ठेवून केलेला खर्च वाया जातो आणि उतारावर तो जिवावरही बेतू शकतो. म्हणूनच पिकअपवर कॅम्पर चढवण्यापूर्वी कोणत्या गोष्टी पाहाव्यात, कोणत्या सुधारणा खरोखर उपयोगी पडतात आणि आपल्याकडचा कायदा काय सांगतो, हे समजून घेणे आवश्यक आहे.

‘कॅम्पर’ म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे ‘कॅम्पर’ म्हटले की महिंद्राची दुहेरी केबिनची बोलेरो पिकअप डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. झोपण्याची जागा, शेगडी, शीतपेटी आणि पाण्याची टाकी असलेली, पिकअपच्या हौद्यात सरकवून बसवता येणारी खोली म्हणजे तेथील ट्रक कॅम्पर. तिचा पलंग बहुधा चालकाच्या केबिनच्या टपावर पुढे आलेला असतो. प्रवास संपला की चार कोपऱ्यांवरील जॅकच्या आधारे ही खोली उचलून धरतात आणि ट्रक खालून बाहेर काढतात. ट्रक रोजच्या कामाला मोकळा होतो.

याचे मुख्य दोन प्रकार आहेत. एक भक्कम भिंतींचा. तो ऊबदार असतो, पण जड आणि उंच. दुसरा छप्पर वर उचलता येणारा, ज्याच्या भिंतींचा वरचा भाग कापडी असतो. तो हलका असून प्रवासात त्याची उंचीही कमी राहते. अगदी साधे वर उचलणारे कॅम्पर चार-पाचशे किलोंत बसतात, तर भक्कम भिंतींच्या मोठ्या कॅम्परचे वजन दीड-दोन टनांपर्यंत जाते. या फरकावरच कोणता ट्रक लागणार, हे ठरते.

ही पद्धत किती जुनी?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत महामार्ग वाढले, मध्यमवर्गाच्या हाती सुटी आणि पैसा आला आणि पिकअपवरच्या निवासाला मागणी आली. लेखक जॉन स्टाइनबेक यांनी १९६० मध्ये अशाच एका जीएमसी पिकअपमधून आपल्या कुत्र्यासह अमेरिकेची परिक्रमा केली. डॉन किहोटेच्या घोड्यावरून त्यांनी या वाहनाचे नाव ‘रोसिनांते’ ठेवले होते. ते आजही कॅलिफोर्नियातील सॅलिनास येथील नॅशनल स्टाइनबेक सेंटरमध्ये पाहावयास मिळते. त्याच दशकात फोर्ड आणि शेव्हर्ले यांनी ‘कॅम्पर स्पेशल’ या नावाने कॅम्परसाठी सज्ज केलेल्या पिकअप बाजारात आणल्या. साध्या पिकअपवर घर चढवणे पुरेसे नाही, त्यासाठी ट्रकही त्या तयारीचा हवा, हे उत्पादकांनी तेव्हाच ओळखले होते.

ट्रक किती भार पेलतो, हे कसे कळते?

अमेरिकी पिकअपच्या चालकाच्या दरवाजापाशी, दार उघडल्यावर दिसणाऱ्या खांबावर एक पट्टी चिकटवलेली असते. प्रवासी आणि सामान मिळून अमुक किलो किंवा पौंडांपेक्षा अधिक वजन होता कामा नये, असे तिच्यावर लिहिलेले असते. ही त्या विशिष्ट ट्रकची भारक्षमता. जाहिरातीत छापलेला आकडा त्या मालिकेतील सर्वांत सक्षम गाडीचा असतो. चारचाकी चालना, दुहेरी केबिन, डिझेल इंजिन, उघडणारे छत अशा प्रत्येक सोयीचे वजन भारक्षमतेतून वजा होते. त्यामुळे एकाच नावाच्या दोन ट्रकांच्या क्षमतेत शेकडो किलोंचा फरक असू शकतो. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनापेक्षा दारावरची पट्टी अधिक विश्वासार्ह, ती याच कारणाने.

तेथे ट्रकांची ‘अर्धा टन’, ‘पाऊण टन’ आणि ‘एक टन’ अशी वर्गवारी बोलण्यात रूढ आहे. ही नावे जुन्या काळातील आहेत. आजचे ट्रक नावापेक्षा बरेच अधिक ओझे उचलतात. तरीही ढोबळ नियम असा की, अर्धा टन वर्गाने हलक्या कॅम्परवर समाधान मानावे आणि भक्कम भिंतींच्या मोठ्या कॅम्परसाठी एक टन वर्गाचा, शक्यतो मागे चार चाके असलेला ट्रक घ्यावा. मागील दुहेरी चाकांमुळे भारक्षमता वाढते, शिवाय वळणावर आणि वाऱ्यात ट्रक अधिक स्थिर राहतो.

हिशोब नेमका कुठे चुकतो?

कॅम्परच्या माहितीपत्रकात दिलेले वजन ‘कोरडे’ असते. त्यात पाणी, गॅस, अन्न, कपडे नसतात आणि पुष्कळदा बॅटरी व पैसे मोजून घेतलेल्या जादा सोयीही धरलेल्या नसतात. उदाहरणादाखल ७२५ किलो भारक्षमतेचा अर्धा टन वर्गातील ट्रक घेऊ. त्यावर ५९० किलो कोरड्या वजनाचा कॅम्पर बसवायचा आहे. कागदावर १३५ किलो शिल्लक दिसतात आणि व्यवहार पक्का होतो.

आता उरलेला हिशोब. पती-पत्नीचे वजन मिळून १४० किलो. ७५ लिटर पाणी म्हणजे ७५ किलो. भरलेला लहान गॅस सिलिंडर १७ किलो. शिसे-आम्ल प्रकारच्या दोन बॅटऱ्या ५५ किलो. वातानुकूलन यंत्र, बाहेरची छत्री आणि इतर सोयी ९० किलो. अन्नधान्य, भांडी, अंथरुणे, कपडे आणि हत्यारे ११० किलो. कॅम्पर बांधण्याचे साहित्य व जादा स्प्रिंग ४५ किलो. कॅम्परसह सर्व मिळून बेरीज होते १,१२२ किलो. म्हणजे क्षमतेपेक्षा ३९७ किलो अधिक, दीडपटीहूनही जास्त. यातील कोणतीही वस्तू चैनीची वाटत नाही, आणि घोटाळा होतो तो त्यामुळेच.

यावरचा उपाय म्हणजे वजनकाटा. अमेरिकेत महामार्गांवरील ट्रक-थांब्यांवर पुढील आणि मागील आसावरील भार स्वतंत्रपणे दाखवणारे काटे असतात. टाकी पूर्ण भरून, प्रवासी बसवून, पण कॅम्परशिवाय एकदा आणि सर्व सामानासह कॅम्पर चढवून दुसऱ्यांदा वजन केले की अंदाजाला जागा उरत नाही. एकूण वजन मर्यादेत असले, तरी मागील आसावरील भार त्याच्या स्वतंत्र मर्यादेत आहे का, हेही तपासावे लागते. ही मर्यादाही चालकाच्या दरवाजापाशीच नोंदलेली असते.

भार कुठे पडतो, याला महत्त्व का?

किलोंच्या आकड्याइतकेच महत्त्व गुरुत्वमध्याला आहे. कॅम्परचा गुरुत्वमध्य मागील आसाच्या किंचित पुढे असला, तर थोडा भार पुढच्या चाकांवर जातो आणि सुकाणूवर पकड राहते. तो आसाच्या मागे गेला, तर ट्रकचे नाक उचलले जाते. पुढची चाके हलकी होतात, वळताना गाडी हवी तशी वळत नाही आणि चासीवर वाकवणारा ताण येतो. आखूड हौद्याच्या ट्रकवर लांब कॅम्पर चढवल्यास नेमके हेच घडते. अमेरिकेतील संघीय नियमांनुसार कॅम्पर वाहण्यास योग्य ट्रकच्या उत्पादकाने सामानाची भारमर्यादा आणि गुरुत्वमध्य कोठून कोठपर्यंत असावा, याची माहिती द्यावी लागते. कॅम्परवरही गुरुत्वमध्याची जागा नोंदलेली असते. दोन्ही खुणा जुळतात का, हे खरेदीपूर्वी पाहणे टेप घेऊन केलेले पाच मिनिटांचे काम आहे.

उंचीचाही विचार करावा लागतो. छपरावर सौर पॅनल, सायकली, पेट्या असे जितके अधिक चढवावे, तितका गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर गाडी अधिक कलते. जड वस्तू खाली, मध्यभागी आणि शक्य तितक्या पुढे ठेवाव्यात, हा होडीत माल भरणाऱ्यांना ठाऊक असलेला नियम येथेही लागू पडतो. पाण्याची टाकी अर्धी भरलेली असेल, तर वळणावर पाणी हिंदकळून डोलणे वाढते. म्हणून टाकी भरलेली तरी असावी किंवा रिकामी तरी.

सुधारणा कोणत्या क्रमाने कराव्यात?

पहिला मान टायरांचा. अर्धा टन वर्गातील अनेक ट्रकांना प्रवासी गाड्यांच्या धाटणीचे मऊ टायर असतात. बाजूची भिंत भक्कम असलेले, ‘ई’ भारश्रेणीचे टायर अधिक दाब सहन करतात आणि कमी डोलतात. मात्र टायर कितीही सक्षम असला, तरी त्यात भारानुसार हवा नसेल तर तो तापतो आणि फुटू शकतो. म्हणून वजनकाट्यावरील आकडा आणि टायर उत्पादकाचा तक्ता समोर ठेवून हवेचा दाब ठरवावा. रिमचीही भारमर्यादा असते. टायर बदलताना ती हमखास विसरली जाते.

दुसरा क्रम शॉक ॲब्सॉर्बरचा आणि मागील स्थिरक दांड्याचा. मूळचे शॉक ॲब्सॉर्बर बहुतांश काळ रिकाम्या असणाऱ्या ट्रकसाठी जुळवलेले असतात. कायम ओझे वाहणाऱ्या गाडीचे वरखाली झोके ते आवरू शकत नाहीत. मागील आसाला जाड स्थिरक दांडा बसवल्यास डावी-उजवीकडे कलणे स्पष्टपणे कमी होते.

तिसरा क्रम पाट्यांचा. मागची बाजू खाली बसत असेल, तर पाट्यांच्या संचात एखादा पाटा वाढवणे, मूळच्या सहायक पाट्याला लवकर कामाला लावणारे रबरी ठोकळे बसवणे किंवा हवेच्या फुग्यांचे स्प्रिंग लावणे, असे पर्याय असतात. हवेच्या स्प्रिंगचा दाब कमी-जास्त करता येतो, हा त्यांचा फायदा. एका बाजूला टाकी किंवा स्वयंपाकघर असल्याने कॅम्पर तिकडे झुकत असेल, तर दोन्ही फुग्यांत वेगवेगळा दाब ठेवून तो सरळ करता येतो. फुग्याची हवा गेली तर गाडी अचानक बसते, हा त्यांचा दोष.

जादा स्प्रिंग लावले की भारक्षमता वाढते का?

याचे उत्तर स्पष्टपणे नाही, असे आहे. भारक्षमता ही चासी, आस, बेअरिंग, ब्रेक, चाके आणि टायर या सर्वांचा एकत्र विचार करून उत्पादकाने ठरवलेली मर्यादा असते. स्प्रिंग बदलल्याने खाली बसलेला ट्रक पुन्हा समतल दिसतो, हेडलाइटचा झोत आकाशाकडे जाण्याऐवजी रस्त्यावर पडतो आणि गाडी नीट चालते. पण ब्रेक तेच राहतात. गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते. वाहनाचे एकूण वजन दीडपट झाले, तर त्याच वेगातून थांबताना ब्रेकना दीडपट ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकावी लागते. लांब उतारावर ब्रेक तापून निकामी होतात ते यामुळे. समतल दिसणारा ट्रक सुरक्षित असतोच असे नाही; उलट खाली बसलेली मागची बाजू जो इशारा देत असते, तो जादा स्प्रिंगमुळे झाकला जातो. भार मर्यादेत ठेवून केलेली सुधारणा उपयोगी ठरते, तर मर्यादा ओलांडण्यासाठी केलेल्या सुधारणेमुळे धोका केवळ नजरेआड होतो.

कॅम्पर ट्रकला कसा बांधतात?

हौद्यात ठेवलेला कॅम्पर स्वतःच्या वजनाने जागेवर राहील, हा समज घातक आहे. अचानक ब्रेक दाबल्यास तो पुढे सरकून केबिनवर आदळू शकतो. चार कोपऱ्यांवर चार ताणसळ्या लावून तो बांधतात. हौद्याचा पत्रा पातळ असतो, काही ट्रकांत तो ॲल्युमिनियमचा असतो. म्हणून जड कॅम्परच्या सळ्या थेट चासीला जोडलेल्या आधारांना अडकवणे श्रेयस्कर. खाली जाड रबरी चटई अंथरल्यास घसरण कमी होते. ताणसळ्या फार आवळल्या तर कॅम्परचे सांधे उसवतात आणि सैल ठेवल्या तर तो उड्या मारतो. पहिल्या काही किलोमीटरनंतर थांबून ताण पुन्हा तपासावा, हा ट्रकचालकांचा दोरखंडांबाबतचा जुना शिरस्ता येथेही पाळावा.

विजेची सोय किती आणि कशी?

विजेचा विचार घरच्या मीटरप्रमाणे ‘युनिट’मध्ये केल्यास सोपा होतो. बारा व्होल्टवर चालणारी लहान कॉम्प्रेसर शीतपेटी दिवसाला साधारण अर्धा युनिट घेते. दिवे, पंखा, पाण्याचा पंप आणि मोबाइल मिळून आणखी थोडी भर पडते. याउलट छपरावरील वातानुकूलन यंत्र चार तास चालवले, तर पाच-सहा युनिट लागतात. म्हणजे शीतपेटी व दिव्यांपुरती व्यवस्था हलकी आणि स्वस्त होते, तर वातानुकूलनाचा हट्ट धरला की बॅटऱ्या, इन्व्हर्टर आणि पॅनल यांचे वजन व खर्च अनेक पटींनी वाढतो.

शंभर अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य टिकवायचे, तर तिची निम्मीच क्षमता वापरावी लागते. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी जवळजवळ पूर्ण वापरता येते आणि तिचे वजन बारा-तेरा किलोच असते. वरील उदाहरणातील ५५ किलोंच्या दोन बॅटऱ्यांचे काम अशी एकच बॅटरी करते. वजन घटवणाऱ्या मोजक्या सुधारणांपैकी ही एक. मात्र शून्य अंश सेल्सिअसखाली लिथियम बॅटरी प्रभारित करता येत नाही. थंड प्रदेशात तिला ऊब द्यावी लागते किंवा कॅम्परच्या आतच ठेवावी लागते.

धावत्या ट्रकच्या अल्टरनेटरवरून बॅटरी भरायची, तर मध्ये डीसी ते डीसी चार्जर हवा. लिथियम बॅटरी थेट जोडल्यास ती इतका प्रवाह ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो. तारा पुरेशा जाड हव्यात आणि बॅटरीलगत फ्यूज हवा. छपरावर सपाट बसवलेले दोनशे वॅटचे पॅनल स्वच्छ उन्हात शीतपेटी व दिव्यांचा दिवसाचा खर्च भरून काढू शकते. झाडाखाली गाडी लावली की हे गणित बिघडते.

गॅसची शेगडी किंवा हीटर असल्यास कार्बन मोनॉक्साइड आणि गॅसगळती ओळखणारे संवेदक बसवणे अनिवार्य मानावे. लहान बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड वासाविना साचतो आणि झोपेतच मृत्यू ओढवू शकतो. खिडकी किंवा झरोका किंचित उघडा ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

आपल्याकडे असे वाहन तयार करता येईल का?

अमेरिकी चित्रफितींचे अनुकरण आपल्याकडे जसेच्या तसे करता येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील, असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हीच भूमिका ठामपणे मांडली. अनधिकृत बदलासाठी कलम १८२अ खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जादा भारासाठी कलम १९४ खाली वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंड आहे. गाडीच्या बाजूंबाहेर आलेल्या भारासाठीही वीस हजारांचा दंड आहे. अमेरिकी धाटणीचे अनेक कॅम्पर हौद्याच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येतात, हे येथे ध्यानात ठेवावे.

कायदेशीर मार्गही आहे. मोटार कॅरव्हॅनसाठी ‘एआयएस-१२४’ हे स्वतंत्र मानक असून त्यानुसार मान्यता मिळालेल्या बांधणीच्या वाहनाची कॅरव्हॅन म्हणून नोंदणी होऊ शकते. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. गोव्यात मात्र पर्यटन खात्याच्या २०२२ च्या आदेशाने पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करण्यास मनाई केली आहे. त्यामुळे किनाऱ्यालगत गाडी उभी करून बाहेर चूल मांडण्याची कल्पना येथे सोडूनच द्यावी. बेळगावहून चोर्ला किंवा अनमोड घाटाने उतरणाऱ्यांना तेथील वळणे आणि पावसाळी धुके परिचित आहेत. उंच आणि जड वाहनाची कसोटी अशाच ठिकाणी लागते. गॅरेजवाल्याला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी वाहतूक खात्याकडून आणि विमा कंपनीकडून लेखी उत्तर घेणे हिताचे आहे.

मग खरेदीचा योग्य क्रम कोणता?

प्रथम आपल्याला किती दिवस, कोणत्या हवामानात आणि किती माणसांसह फिरायचे आहे, हे ठरवावे. त्यानुसार कॅम्पर निवडावा, त्याचे सर्व सामानासह वजन काढावे आणि त्यावर दहा-पंधरा टक्के राखीव धरून तेवढ्या क्षमतेचा ट्रक शोधावा. ट्रक आधीच दारात असेल, तर त्याच्या पट्टीवरील आकड्याला शरण जाऊन हलका कॅम्पर घ्यावा. त्यानंतर टायर, बांधणी, शॉक ॲब्सॉर्बर, स्प्रिंग आणि सर्वांत शेवटी वीज व सजावट. पुष्कळदा हा क्रम नेमका उलटा होतो. सुंदर ओटा आधी तयार होतो आणि ट्रकला तो झेपत नाही, हे पहिल्या उतारावर कळते. वजनकाट्याची पावती हाती आल्यावर काढून ठेवलेले सामान हीच बहुतेकांसाठी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक सुधारणा ठरते.